लीलाधरनं नाकारलेला वन्समोअर

फैजपूरच्या लीलाधरला तलवार धरता येत नसे. पण गळा असा, की शेवटच्या रांगेतला माणूसही पुढे सरकून ऐके. तोताराम नानांच्या नाटक मंडळीत सात वर्षं देवादिकांची पदं गायल्यावर, १९३१ साली त्यानं हट्टानं एक छोटं संगीत नाटक उभं केलं: नवरा, बायको, एक खोली, सहा पदं. ना राक्षस, ना विदूषक. नानांनी बजावलं होतं, "जळगाव आणि धुळं. दोन्हीकडे पडलं तर गुंडाळीन."

जळगावला रविवारचा दुपारचा खेळ. पहिल्या अंकानंतर चहाजवळ जो तो तोंड सोडत होता. एका कापूसदलालाला नाटक बिनफोडणीच्या वरणासारखं लागलं. बायकांकडे कुणी कमलबाई सांगत होत्या, नवरा इतका हळू बोलतो तो आजारी असला तरच. दुसरीला शेजारच्या घरात डोकावल्यागत वाटत होतं, आणि ते तर घरबसल्या जमतं.

दुसऱ्या अंकात रुसलेली बायको, म्हणजे लुगड्यातला गिरधर, पलंगावर पडते. नवरा उशाशी बसून पद म्हणतो, तिचा डोळा लागतो. लीलाधर इतकं हळू गायला, की पेटीवाल्यानं भाता जेमतेम हलवला. पद संपलं आणि थिएटर पहिल्यांदाच खूश झालं. "वन्समोअर!"

वन्समोअर मिळाला की नमस्कार करून पद पुन्हा म्हणायचं, ही रीत. मेलेला राजासुद्धा उठून गात असे. लीलाधरनं मात्र ओठांवर बोट ठेवून झोपलेल्या बायकोकडे दाखवलं.

पुढच्या रांगेतून आवाज आला, "ती बाई नही रे भाऊ, गिरधर शे. उठाड त्याले."

हशा पिकला. मग शिट्ट्या, मग शिव्या.

विंगेतून नानांनी दात खाल्ले. "गा."

"नाना, ती जागी होईल."

"मग पुन्हा निजव."

तो हलला नाही. पडदा पाडावा लागला.

जळगावची बातमी ऐकून धुळ्यात लोक भांडायच्या तयारीनंच आले. पहिल्या अंकात एकही पद सुखानं म्हणू दिलं नाही. झोपेच्या पदाला मुद्दाम वन्समोअर मागितला. बघू या, देतो कसा नाही. पलंगावरून डोळे मिटूनच गिरधर पुटपुटला, "देऊन टाक. नाटक तरी वाचेल."

लीलाधरनं नमस्कार केला. गिरधर उठून बसला, पदर सारखा करून मांडीवर ताल धरू लागला. पद चार वेळा झालं, दर खेपेला आणखी वरच्या सुरात. लोक बाकांवर उभे राहिले. "आते कसं नाटक वाटनं," एकजण मोठ्यानं म्हणाला.

रंग पुसता पुसता लीलाधर म्हणाला, "नाना, हे बंद करा."

"आता तर कुठं चाललं."

"चाललं ते मी बसवलेलं नाही."

नाना कसले ऐकतात? नाटक गावोगाव गाजलं. नवऱ्याचं काम दुसऱ्याकडे गेलं, त्याचा आवाज दणदणीत होता. लीलाधर मंडळी सोडून फैजपूरला केळीच्या बागेत राबू लागला. लग्नाकार्यात कुणी पद म्हणायचा आग्रह केला, की गळा बसलाय असं सांगून पंगतीत वाढायला उठे.