‘न्हाय’चं ‘नाही’ झालं

आमच्या बँडचं पहिलं गाणं मुंबईच्या बड्या कंपनीनं काढलं, तेव्हा सोलापुरात सात रस्त्याला फ्लेक्स लागला. त्यावर आम्हा चौघांपेक्षा शुभेच्छुकांचे फोटो मोठे होते. त्यातल्या एकानंही आमचं गाणं शेवटपर्यंत सहन केलं नसतं. पोस्ट-हार्डकोअर म्हणजे निम्मं गाणं आणि निम्मी बोंब, आणि आमच्यात बोंबच जास्त. अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझ्या मामाच्या टॉवेलच्या कारखान्यामागं आम्ही सराव करायचो. पलीकडं मागांचा खडखडाट चालू असायचा, त्यामुळं तक्रार करायला कोणी यायचं नाही.

गाण्याचं नाव ‘न्हाय’. लिहिलं आमच्या गायकानं. मोडनिंबचा गडी. गाण्यात घरचे म्हणतात लग्न कर, साहेब म्हणतो सही कर, आणि सगळ्यांना उत्तर एकच. तो बेंबीच्या देठापासून ‘न्हाऽऽय’ ओरडला की माझ्या हातातल्या काठ्या आपोआप जोरात पडायच्या. बाकी गाणं यथातथाच होतं, खरं सांगतो. त्या एका शब्दासाठी मी ड्रम वाजवत होतो, आणि तो जसाच्या तसा रेकॉर्ड व्हावा एवढीच माझी इच्छा होती.

मुंबईत स्टुडिओत कंपनीचा माणूस भेटला. गळ्यात हेडफोन आणि तोंडावर सगळ्या महाराष्ट्राची काळजी.

“‘न्हाय’ पुण्यात कसं चालेल? ‘नाही’ म्हणा ना. शुद्ध.”

मी म्हटलं, “सर, ‘नाही’ ओरडून बघा एकदा.”

‘ही’ आला की घसा आवळतो, ओठ फाकतात, आणि चिडलेला माणूस फोटोला उभा राहिल्यासारखा दिसतो. साहेबांनी ओरडून बघितलं नाही. “मग ओरडता कशाला? गा ना,” म्हणाले.

मी गायकाकडं बघितलं. आता हा म्हणणार, अशी माझी खात्री होती. तो शब्द म्हणायला याहून चांगली वेळ आयुष्यात परत येणार नव्हती.

“व्हय सर,” तो म्हणाला. “तुमी म्हणाल तसं.”

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. आमचा हरी तर अडलाही नव्हता. मला त्याची किळस आली. अजून येते.

गाणं गोड झालं. लोक आता साखरपुड्याच्या रीलला लावतात, म्हणजे बघा.

मग सोलापुरात सत्कार झाला. शाल, श्रीफळ, भाषणं, आणि सगळ्यात शेवटी आम्ही. कडवं संपलं तसा गायकानं माइक लोकांपुढं धरला. पोरं आपलीच. सरावाचे जुने व्हिडिओ बघितलेली. सगळं मैदान एकदम ओरडलं, “न्हाऽऽय!” माझ्या काठ्या आपोआप जोरात पडल्या. वाटलं, आमचं गाणं आम्हाला परत मिळालं.

गायकानं हात वर करून आम्हाला थांबवलं. मास्तरासारखा हसला.

“न्हाय न्हाय, ‘नाही’ म्हणायचं. परत एकदा.”

आणि माझं सोलापूर एका सुरात म्हणालं, “नाही.”