झोपलेल्या मोटरचं भाडं

धंदा काढला की पैसे कधी येतील ते सांगता येत नाही, किस्से मात्र पहिल्या दिवसापासून यायला लागतात. आमच्याकडं तर इतके साचलेत, की कुणी चहाला बसलं की विष्णू आधी विचारतो, "कोणता सांगू?"

विष्णू माझा पार्टनर. माजलगावात आमचं दोन खोल्यांचं ऑफिस. शेतातल्या मोटरीला लावायचा एक डबा आम्ही बनवतो. लाईट आली की मोबाईलवर मेसेज येतो, घरबसल्या मोटर चालू-बंद करता येते. डबा एकदाच घ्यायचा, सेवेचे पैसे दर महिन्याला. ते पैसे आम्ही आधी गावोगाव फिरून गोळा करायचो. वसुलीपेक्षा पेट्रोलच जास्त जळायचं. असंच चाललं असतं तर शटर कायमचं खाली आलं असतं. मग ठरवलं, गिऱ्हाइकाच्या खात्यातून दर महिन्याला पैसे आपोआप कापून देणारी एखादी कंपनी धरायची. ती शोधतानाच्या या गोष्टी.

* * *

पहिल्या कंपनीचा माणूस व्हिडिओ कॉलवर आला. कोट, टाय, मागं काचेची इमारत. त्यानं विचारलं, "आपका चर्न कितना है?"

विष्णू माझ्या तोंडाकडं बघायला लागला. मी हळूच सांगितलं, "किती गिऱ्हाइकं सोडून जातात ते विचारतोय."

विष्णू कॅमेऱ्याजवळ सरकला. "साहेब, आमच्याकडं गिऱ्हाईक नाराज झालं तर सोडून जात न्हाई. ऑफिसात येऊन बसतंय."

त्या माणसानं ते लिहून घेतलं. काय लिहिलं, देव जाणे.

* * *

दुसऱ्या कंपनीनं सांगितलं, आधी स्वतःच्या खात्यावर टेस्ट करून बघा. विष्णूला आमच्या प्लॅनना पावसाच्या नक्षत्रांची नावं द्यायची होती. लहान प्लॅन रोहिणी, मोठा मृग. त्यानं स्वतःच्या खात्यावर एक रुपयाचा रोहिणी प्लॅन चालू केला.

ते खातं नवरा-बायकोचं मिळून होतं, आणि बँकेचे मेसेज जायचे अर्चनावहिनींच्या मोबाईलवर. मेसेज गेला, 'रोहिणी, दर महिन्याला, रद्द करेपर्यंत.'

वहिनींचा फोन आला. विष्णूनं घाबरून स्पीकरच दाबला.

"ही रोहिणी कोण?"

"अगं, प्लॅन हाय."

"प्लॅन कवापासून चाललाय?"

"कालच चालू केला. टेस्टिंगला."

मी मधी पडलो, सगळं समजावून सांगितलं. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "बरं भावजी, आता तुमच्या प्लॅनचं नाव बी सांगून टाका."

त्या दिवसापासून आमचे प्लॅन दोनच. 'लहान' आणि 'मोठा'.

* * *

तिसऱ्या कंपनीचं सगळ्यात भारी वाटलं, कारण त्यांचे मेसेज मराठीत जायचे. पैसे कटले नाहीत तर आठवणीचा मेसेज आपोआप. आम्ही दहा-बारा गिऱ्हाइकांवर लावून बघितलं.

चार दिवसांनी दिंद्रुडचे आबा ऑफिसात हजर. वय झालेलं, पण एसटीनं एकटे आलेले. खुर्चीत टेकले, पाणी प्यायले आणि मोबाईल माझ्यापुढं धरला. त्यावर लिहिलं होतं, 'प्रिय ग्राहक, आपण मुदतबाह्य झाला आहात.'

आबा म्हणाले, "घरच्यांनी न्हाई सांगितलं, डाक्टरनं न्हाई सांगितलं. तुमीच कावून सांगितलं?"

ती कंपनी तिथंच बाद.

* * *

शेवटी दोन कंपन्या उरल्या. एक स्वस्त, एक थोडी महाग. आम्ही स्वस्तातलीच घेणार होतो, तेवढ्यात पाटोद्याहून शांताबाई आल्या. नवरा-बायको दोघं दर वर्षी ऊस तोडायला जातात. घरचं थोडं रान आहे, तिथं आमचा डबा.

"आमी कारखान्यावर गेलो की मोटर झोपती," त्या म्हणाल्या. "झोपलेल्या मोटरचं भाडं कावून द्यायचं?"

विष्णूनं त्यांच्यासमोरच स्वस्तवाल्या कंपनीला फोन लावला. तिकडची पोरगी म्हणाली, "हो, थांबवता येतं. पण परत कधी चालू करायचं, ती तारीख आत्ताच द्यावी लागेल."

विष्णूनं फोन शांताबाईंकडं दिला. त्या म्हणाल्या, "तारीख ऊस ठरवतो, बाई. त्याला इचारून सांगते."

मग महागवाल्या कंपनीला विचारलं. तिथं तारीख लागत नव्हती. गावी परत आलं की बटन दाबायचं, तेव्हा चालू. आमची निम्मी गिऱ्हाइकं तोडीला जाणारी. आम्ही महाग कंपनी घेतली. शांताबाई उठता उठता म्हणाल्या, "एवढं इचारायला तुमाला मी लागले का?"

* * *

आता विष्णूचा आवडता किस्सा. हा कंपनी लागल्यानंतरचा.

माजलगावजवळच्या एका नानांची मोटर चोरीला गेली. आमच्या डब्यासकट. नानांनी फोन केला, "मोटरच गेली, आता पैसे कापू नका."

विष्णूनं कॉम्प्युटरवर बघितलं अन् म्हणाला, "नाना, तुमची मोटर चालू हाय."

चोरानं ती कुठंतरी आपल्या विहिरीवर बसवली होती, डबा तसाच ठेवून. कुठं, ते आमच्या डब्यातून कळत नाही. पण नानांच्या मोबाईलवरून बंद मात्र होत होती.

"पैसे थांबवले तर सेवा बी थांबंल," विष्णू म्हणाला. "मग तुमाला ती बंद करता येणार न्हाई."

नाना म्हणाले, "म्हंजी रान त्याचं भिजणार अन् भाडं मी भरायचं?"

"भरलं तरच त्याचं भिजणार न्हाई."

नानांनी पैसे चालू ठेवले. मग त्यांना दुसरं कामच उरलं नाही. तिकडं मोटर चालू झाली की मेसेज यायचा, नाना बंद करायचे. जेवताना, पारावर, लग्नाच्या पंगतीत. पुढं एका सकाळी मोटर नानांच्या विहिरीवर आणून ठेवलेली सापडली. पण त्याच्या आदल्या दिवशी डब्यावरच्या आमच्या नंबरवर एक फोन आला होता.

"तुमची सर्व्हिस लई बेकार हाय बे. मोटर सारखी बंद पडती."

विष्णूनं विचारलं, "डबा कुणाच्या नावावर हाय?"

त्यानं उलट विचारलं, "नाव बदलून मिळंल का?"

"मिळंल की. पहिल्या मालकाला सोबत घेऊन या. अन् पैसे तुमच्या खात्यातून कापायला मंजुरी द्यावी लागंल."

तो माणूस म्हणाला, "मंजुरी नको. एकदा पैसे कापायला लागले की कायमचं मागं लागतंय ते."