टोपलीखालचं पीठ

धानोऱ्याच्या स्टँडवर गडचिरोलीची बस लागली तेव्हा बाबांनी वाळवलेल्या मोहफुलांची पुडी माझ्या बॅगेत कोंबली. आई रडत होती. बाबा कंडक्टरशी हुज्जत घालत होते, कारण रडू आवरायचं असलं की त्यांना भांडायला कुणीतरी लागायचं. बस हलल्यावर खिडकीशी येऊन म्हणाले, "तिकडं थंडी लय रायते म्हनते. कानाले बांधत जाजो."

आता मी कॅनडातल्या एका लहानशा गावात बेकरीत काम करते. मागं राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, हसू नका, पण इथला 'फॉल', म्हणजे पानगळीचा ऋतू, आधी माझ्या नाकाला कळतो. सफरचंद, दालचिनी आणि कोहळं. आपल्याकडं ज्या कोहळ्याची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी पितृपक्षात पानावर पडते, तेच इथं गोड रोलमध्ये जातं आणि लोक आवडीनं खातात. मला सुरुवातीला ते खाताना कसंसंच व्हायचं. मग मीच त्यात मनुकांच्या जागी भिजवलेली मोहफुलं घालू लागले.

गेल्या वर्षी बाबा गेले. माझे व्हिसाचे पेपर अडकले होते, जाता आलं नाही. दहाव्याच्या रात्री आमच्याकडं पीठ पसरून, शेजारी दिवा ठेवून वर टोपली उपडी घालतात. गेलेलं माणूस घरी येऊन गेलं की पिठावर खूण उमटते. बाबांच्या पिठावर काहीच उमटलं नाही.

तेव्हापासून आई रात्री दार उघडं टाकून झोपू लागली. गावाशेजारी वाघ फिरतोय, शेजाऱ्यांच्या गोठ्यातून बकरी नेली. मी फोनवर ओरडायचे, समजवायचे, रडायचे. तिचं एकच, "दार काऊन लावू मी? ते आले अन् बंद दिसलं तं?" एकदा मात्र हळूच म्हणाली, "तुयाकडं तं नाई आले ना तुये बाबा?" मी तिच्यावर खेकसले.

या फॉलच्या एका सकाळी बेकरीत मी एकटीच होते. मालकीणबाई अजून यायच्या होत्या, दार आतून लावलेलं. फळीवर पीठ भुरभुरून मी रोल मांडले, यीस्टनं फुगायला ठेवले आणि झाकायचं कापड धुवायला गेलेलं म्हणून वर ब्रेडची मोठी वेताची टोपली उपडी घातली. आपण काय केलं हे हात मागं घेतल्यावर लक्षात आलं. ओव्हन तापेपर्यंत मी तिकडं पाठच करून उभी राहिले.

टोपली उचलली. रोल छान फुगले होते. मधल्या मोकळ्या पिठावर एका पावलाचा पुढचा भाग उमटला होता. चार बोटं. करंगळीची जागा कोरी.

बाबांची उजव्या पायाची करंगळी लाकडं फोडताना कुऱ्हाडीनं गेली होती.

मी घाबरले. स्वतःच्या बापाला घाबरले. तशीच आईला फोन लावला. तिकडं दिवेलागण झाली होती.

"आई, बाबा इथं आले," म्हटलं. "पिठावर पाऊल आहे. तू दार लाव."

तिनं विचारलं, "काई खाल्लं का त्यायनं?"

मी फळीकडं पाहिलं. कडेचा एक रोल कमी होता.

"हो," म्हणाले.

"मंग ठीक हाय," आई म्हणाली. उठली. कडी लागल्याचा आवाज मी फोनमध्ये स्पष्ट ऐकला आणि माझा जीव भांड्यात पडला.

फोन ठेवल्यावर कळलं, आईनं दार लावलं म्हणजे बाबांना तिकडं जायची वाट आता राहिली नाही. तुम्ही सगळे विचारता, परत कधी येतेस? कशी येऊ? मी निघाले तर इथं त्यांना दार उघडायला कुणीच नाही. माझं घर आता हेच.