धन्वंतरीच्या घरचा खोकला

आयुर्वेदिक दवाखान्याच्या काउंटरवर बसलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. चूर्णासारखे ते आपोआप अंगावर बसतात आणि कितीही झटकले तरी वासासकट घरी येतात. माझ्याकडे साठलेले बरेचसे धनत्रयोदशीचे आहेत. त्या दिवशी आमच्याकडे धन्वंतरीपूजन असतं आणि माणसांची खरी रूपं नेमकी तेव्हाच दिसतात!

दवाखाना लिंबायतला, गुजराती मुलखातल्या मराठी वस्तीत. पेशंट बहुतेक कापडाच्या लूमवर काम करणारे खानदेशी. आत आम्ही चौघं: आमचे वैद्यसाहेब, मालिश करणारे कतारगामचे दिनेशभाई, मागच्या खोलीत चूर्णं कुटून फडक्यातून गाळणाऱ्या मंगलाताई, आणि मी.

*

पूजेच्या दिवशी ओपीडी बंद. एकदा एक लूमवाला तापानं फणफणलेल्या मुलीला खांद्यावर घेऊन आला. साहेब सोवळ्यात. म्हणाले, "आज देवाचा दिवस आहे. उद्या ये."

तो चौरंगावरच्या मूर्तीकडे बघत राहिला. "मग यांनाच दाखवतो. हे तर बसलेत ना?"

साहेब मोठ्यानं हसले, पोरीच्या हातावर प्रसाद ठेवला आणि आरतीला वळले. तोच हात धरून नाडी बघायला किती वेळ लागला असता?

*

मंगलाताईंना खोकला लागला तो त्या मागच्या खोलीतच. खिडकी नाही, पंखा लावला तर चूर्ण उडतं, म्हणून तोही बंद. सुंठ-पिंपळीची ती बारीक पूड दिवसभर नाकातोंडात. त्या एकदा पेशंटच्या रांगेत येऊन उभ्या राहिल्या.

साहेब म्हणाले, "अगं, तू घरचीच! तुला कशाला केसपेपर? तुला निवांत बघू."

पुढे त्या अधूनमधून आठवण करून द्यायच्या. साहेब प्रत्येक वेळी "निवांत" म्हणायचे. आमच्या दवाखान्यात घरचं माणूस होण्यासारखी दुसरी शिक्षा नाही.

*

मीच एकदा साहेबांना म्हटलं, मागच्या खोलीत एक्झॉस्ट फॅन बसवा. आठवड्याभरात फॅन आला! इलेक्ट्रिशियननं तो देवघरात बसवला.

"उदबत्तीच्या धुरानं मूर्ती काळी पडतेय," साहेब म्हणाले.

मंगलाताई दारातून बघत होत्या. खोकल्याची उबळ ओसरल्यावर म्हणाल्या, "बरं व्हयनं. देवले तरी हवा भेटनी!"

*

प्रसाद दोन प्रकारचा असतो. प्रसादाच्या रांगेतल्या पेशंटना कडुनिंबाची पानं आणि साखर, तीच खरी परंपरा. आत बसलेल्या पाहुण्यांना आणि औषध कंपन्यांच्या माणसांना काजूकतली. ही परंपरा कुठून आली ते देवालाच ठाऊक.

एका वर्षी आतलं ताट चुकून बाहेर दिसलं. रांगेतल्या म्हाताऱ्या आजींनी पान चावता चावता विचारलं, "कडू आमले आन गोड तुमले?"

साहेबांनी माईकवर कडुनिंबाचे गुण सांगायला सुरुवात केली.

*

मागे साहेबच आजारी पडले. आम्हाला हुकूम, कुणी विचारलं तर शिबिराला गेलेत म्हणून सांगायचं. आले ते थेट पूजेच्या दिवशी, चेहरा उतरलेला, हाताच्या मागच्या बाजूला सलाइनच्या सुईचा निळा डाग. त्याच हातानं निरांजन ओवाळत होते.

दिनेशभाई माझ्या कानाशी आले. "बेन, शिबिर मोठं होतं वाटतं. बाटली पण चढवली!"

मला हसू आलं, पण मागून मंगलाताईंचा खोकला ऐकू आला.

*

धनत्रयोदशीला संध्याकाळी यमासाठी दक्षिणेकडे तोंड करून दिवा लावतात. साहेबांचं ते कधी चुकत नाही. दिनेशभाई म्हणतात, "सकाळी धन्वंतरी, संध्याकाळी यमराज. साहेबांची दोन्हीकडे सेटिंग आहे!"

*

यंदा साहेबांनी पूजेच्या आधी जाहिरात केली. लिंबायतच्या रिक्षांच्या पाठीवर पोस्टरं लागली: 'जुनाट खोकला मुळापासून गेला!' खाली फोटो मंगलाताईंचा. बाहेरचा माणूस कुठे शोधायचा, म्हणून घरचाच घेतला. फोटोपुरता त्यांनी कसाबसा श्वास रोखून धरला होता.

पूजेच्या दिवशी सकाळी चूर्ण गाळायच्या पांढऱ्या फडक्यावर रक्ताचे ठिपके दिसले. फडकं घेऊन मी साहेबांकडे धावले. त्यांनी ते बघितलं. "पूजा आटोपू दे," म्हणाले, "मग निवांत बघतो."

इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. फडकं त्यांच्या चौरंगावर, फुलांच्या शेजारी ठेवलं आणि मंगलाताईंना धरून बाहेर आले. सरकारी दवाखान्याकडे जायला पहिली मिळाली ती रिक्षा थांबवली. तिच्या पाठीवर मंगलाताईच हसत होत्या.

वाटेत त्यांना बोलता येत नव्हतं, इतका खोकला. रिक्षावाला सारखा आरशातून बघत होता. सिग्नलला थांबल्यावर त्यानं मान वळवली.

"मौसी, पीछे आपकाच फोटो है ना? आप तो ठीक हो गई थी!"

मंगलाताईंनी पदर तोंडावरून बाजूला केला.

"बाहेरनी बाई बरी व्हयनी, भाऊ. आतलीले लवकर दवाखानामा लई चाल."