रस्सा आणि दूध

रविवारी पांढऱ्या रश्शाची चौथी वाटी तोंडाला लावली आणि कमरेत अशी कळ उठली, की भिंत धरूनच उभा राहिलो. बायकोनं रिक्षा बोलावली. वर्षात हा दुसरा मुतखडा.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाणी किती पिता?"

"तहान लागंल तसं. वर रस्सा असतोय की."

"रस्सा म्हणजे पाणी नव्हे. त्यातलं मीठ आणि मटण खड्याला खतपाणीच घालतं. दूध घेता?"

"पहिल्या खड्यालाच बंद केलं," मी ताठ्यानं सांगितलं. दुधानं खडा होतो, हे मला तालमीच्या कट्ट्यावर कळलं होतं.

बाई भडकल्या. "कुणी सांगितलं? जेवणातल्या दुधा-दह्यानं उलट खड्याला आळा बसतो!"

घरात म्हाताऱ्या आईचंही दूध मीच बंद केलं होतं. एकदा ती गुपचूप पीत होती, तेव्हा ओरडून हातातला कप काढून घेतला होता.

घरी आल्याबरोबर दूध तापवलं, कप तिच्यापुढं धरला. तिनं हात मागं घेतले.

"नगं बाबा," ती म्हणाली. "तू वरडतोस."