बंद न पडणारी गाडी

आपल्या गाडीवर आमच्या सावद्याच्या मामांइतका विश्वास टाकणारा माणूस साऱ्या खानदेशात दुसरा निघायचा नाही, आणि त्या विश्वासाची इतकी वारंवार परीक्षा घेणारी गाडीही निघायची नाही. मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. केळीचे बागायतदार. अंगानं किरकोळ, उंचीनं त्याहून किरकोळ, आणि गाडी मात्र सात माणसांची, पांढरीशुभ्र, चढताना दाराच्या वरच्या कडीला धरून लोंबकळावं लागेल इतकी उंच. मामा आत बसले की बाहेरून फक्त त्यांची टोपी दिसायची. सावद्याच्या बाजारातून गाडी निघाली की ती टोपीच चालवते आहे असं वाटे, आणि लोक त्या टोपीला रामराम घालत.

या गाडीला मामांनी एक स्वतंत्र भाषा दिली होती. ती कधीही ‘बंद पडायची’ नाही, ‘थांबायची’. तिच्यात बिघाड व्हायचा नाही, ‘तिच्या मनात काही यायचं’. जळगावच्या वर्कशॉपमध्ये ती आठवडा आठवडा उभी राहिली तर घरी फोन करणाऱ्याला उत्तर मिळे, “माहेरी गेली हाये.” समोरच्या काचेखाली इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, तो तर इतका नेहमीचा झाला होता की एकदा तो लागला नाही म्हणून मामा काळजीत पडले आणि दिवाच गेला असेल म्हणून तपासायला घेऊन गेले. सगळ्यात मागच्या सीटपर्यंत एसीचा गारवा कधी पोचला नाही. एका उन्हाळ्यात तिथं बसून मी जळगाव ते सावदा घामानं न्हाऊन निघालो, तेव्हा मामा आरशातून माझ्याकडे पाहत शांतपणे म्हणाले, “जावईबापू, मागच्यांनी बोलणं कमी ठेवलं तर गारवा टिकतो.” मी गप्प बसलो. गारवा काही आला नाही, पण मामांच्या मते तो येण्याच्या बेतात होता आणि तेवढ्यात भुसावळला मी तोंड उघडून पाणी मागितलं.

गाडीच्या छताला एक सरकती काच होती. भरीत पार्टीला जाताना पोरांनी हट्ट धरला म्हणून मामांनी ती उघडली, आणि ती परत लागेना. मळ्यात सगळे वांग्याच्या भरितावर आणि कळण्याच्या भाकरीवर तुटून पडले होते, तेव्हा मामा टपावर केळीची हिरवी पानं अंथरून ती सुतळीनं बांधत होते. येताना भर बाजारातून आम्ही मांडवासारखी पानं सळसळवत आलो. कुणीतरी विचारलंच, तर म्हणाले, “आतल्या माणसांना ऊन लागाले नको.”

पण मामांचा खरा छंद वेगळाच होता. रस्त्यात, ढाब्यावर, पेट्रोल पंपावर तशीच गाडी दिसली की ते आपली गाडी तिच्या शेजारी नेऊन लावत आणि मालकाची वाट बघत उभे राहत. मालक बिचारा पाणी पिऊन, हात पुसत येई, तर गाडीजवळ टोपीवाले गृहस्थ हातात केळ्यांची फणी घेऊन उभे. आधी फणी द्यायची, मग विचारायचं, “तुमचा अनुभव काय?” मालकानं स्तुती केली तर तो त्या क्षणापासून आप्त झाला, अशा अनेक अनोळखी घरांच्या बारशांना आणि साखरपुड्यांना मामामामी जाऊन आले आहेत. मालकानं तक्रार केली तर मात्र मामा त्याची उलटतपासणी घेत. डिझेल कुठलं भरता, गाडी उन्हात उभी करता का, सकाळी चावी फिरवल्यावर जरा दम धरता का, की लगेच पळवता. शेवटी दोष मालकाचा निघे. तो ओशाळा होऊन गाडीत बसे आणि मामा सहानुभूतीनं म्हणत, “वागवता आलं पाहिजे.”

याला बधला नाही असा एकच माणूस भेटला, धुळ्याचे रशीदभाई. त्यांचा लोखंडी कपाटांचा कारखाना आहे. त्यांचीही गाडी तीच, रंग तेवढा काळा. पारोळ्याच्या अलीकडे एका ढाब्यावर मामांनी त्यांना गाठलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला. रशीदभाईंनी फणीतलं एक केळं सोलून खाल्लं आणि म्हणाले, “मामू, गाडी आरामाची आहे. अपनेकू लय आवडते. पण भरोसे की नहीं.” मामांनी उलटतपासणी सुरू केली. रशीदभाईंनी प्रत्येक प्रश्नाचं नीट उत्तर दिलं आणि दर उत्तराच्या शेवटी तेच म्हटलं, भरोसे की नहीं. दोघांचा चहा झाला, पुन्हा चहा झाला. मामांनी त्यांना सावद्याला यायचं आमंत्रण दिलं ते केवळ वाद पुरा करायला. रशीदभाई खरंच आले, बायकोमुलांना घेऊन आले, आणि पुढं वर्षानुवर्षं ती दोन माणसं फोनवर त्याच एका विषयावर न चिडता भांडत राहिली.

मग मामांच्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं लग्न निघालं. बहीण धुळ्याला दिलेली, तिला ही एकुलती एक लेक. मुलीला मांडवात घेऊन यायचा मान मामाचा, आणि मामा तिला ती रांगती असल्यापासून सांगत आलेले की तुले मीच घेऊन येईन. लग्नाच्या दिवशी ते सकाळीच मामींना घेऊन निघाले, जळगावला आम्हा दोघांना उचललं आणि एरंडोल, पारोळा मागं टाकत गाडी झकास चालली. मामा नव्या फेट्यात होते, त्यामुळे आज टोपीऐवजी गुलाबी फेटा गाडी चालवत होता. पारोळा सोडलं आणि पिवळा दिवा लागला. त्यानं कुणी दचकलं नाही. पण पाठोपाठ गाडीची ताकदच गेली. मामा पाय दाबत होते आणि गाडी बैलगाडीच्या चालीनं सरकत होती. उसाचा ट्रॅक्टरसुद्धा आम्हाला मागं टाकून गेला. शेवटी एका ढाब्यासमोर कडुलिंबाखाली ती उभी राहिली.

“विचार करू राह्यली,” मामा म्हणाले.

आम्ही तिला विचार करू दिला. चावी काढून घातली, पुन्हा काढून घातली. मी म्हटलं, मामा, एसटीला हात करू, धुळं काही लांब नाही. मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, “बहिणीच्या दारात मी उभा अन् गाडी रस्त्यात उभी, हे दिसाले बरं दिसतं का?” माझी बायको काही बोलणार होती, पण मामींनी तिच्या हातावर हात ठेवला. मामी खिडकीतून बाहेर कपाशीचं शेत बघत बसल्या होत्या. त्या या गाडीत पुढच्या सीटवर नेहमी अशाच बसत, तोंडातून कधी एक अक्षर तक्रारीचं नाही.

तेवढ्यात बहिणीचा फोन आला. धुळ्यात इतकी वर्षं काढून तिची बोली पुरती तिकडची झाली आहे. आवाज इतका मोठा की आम्हा सगळ्यांना ऐकू आला. “भाऊ, कोठे शे तू? बठ्ठा लोक वाट देखी राहिनात. पोरगी तुनंच नाव लेई राहिनी.”

मामांनी “येतो” म्हटलं आणि फोन खिशात ठेवला. खाली उतरले. गाडीला एक फेरी घातली. बॉनेटवर तळहात टेकवून थोडा वेळ उभे राहिले. चेहरा असा झाला होता की मला त्यांच्याकडे बघवेना. मग त्यांनी फोन काढला आणि ज्या माणसाला हे सांगणं त्यांना जगात सर्वांत अवघड होतं, त्यालाच लावला. “रशीदभाई,” ते म्हणाले, “गाडी बंद पडली.”

तो शब्द त्यांच्या तोंडून आम्ही पहिल्यांदाच ऐकला.

रशीदभाई आले ते काळी गाडी उडवत आले. कारखान्यातल्याच कपड्यांत होते, हाताला रंग लागलेला. आम्ही पटापट त्यांच्या गाडीत चढलो. ढाबेवाल्याला आमच्या गाडीकडे लक्ष ठेवायला सांगितलं. वळण येईपर्यंत मामा मान वळवून मागे पाहत होते. मला वाटलं, आता रशीदभाई वर्षानुवर्षांचा वाद जिंकून घेणार. पण त्यांनी सबंध वाटेत गाडीचा ग काढला नाही. मुलीनं शिक्षण काय घेतलं, मुलगा कुठं नोकरीला, जेवणात काय आहे, एवढंच विचारत राहिले.

आम्ही कार्यालयाच्या दाराशी पोचलो तेव्हा नवरदेवाकडच्या मंडळींचं बँडसमोर नाचणं चालू होतं. त्या नाचणाऱ्यांचे मी मनोमन आभार मानले. जरा वेळानं गुरुजींनी आवाज दिला, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं, आणि फेटा एका बाजूला कललेले मामा भाचीला दंडाला धरून घेऊन आले. ती त्यांच्यापेक्षा चांगली वीतभर उंच. कोण कुणाला सांभाळून आणतं आहे हे सांगणं कठीण होतं, कारण रडत मामाच होते.

पंगतीत कुणीतरी विचारलं, “मामा, उशीर झाला? गाडी बंद पडली म्हणे.”

मामा पुरीचा तुकडा मोडत म्हणाले, “नही हो. रस्त्याचं काम चालू हाये.”

शेजारच्या पानावर रशीदभाई होते. त्यांनी मान वर करून त्या माणसाकडे पाहिलं आणि म्हणाले, “हां, बहुत काम चालू है.”

गाडी दुरुस्त होऊन आली आणि पुढंही तशीच चालत आणि थांबत राहिली. मग मामांच्या डोळ्यांनी दगा दिला. पडद्याला काही झालं होतं. जळगावच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, पण गाडी चालवायला मनाई केली. मुलगा-सून पुण्याला. दारातली गाडी धूळ खात बसली, तेव्हा मामांनी ती विकायचं ठरवलं. एरंडोलचे एक तरुण मास्तर बघायला येणार होते. मामांनी मला बोलावून घेतलं, आणि मामींना त्याच दिवशी काहीतरी निमित्त काढून फैजपूरला त्यांच्या बहिणीकडे पाठवलं.

मास्तर बायकोला आणि दोन लहान मुलांना घेऊन आले. मुलं आत चढून सीटांवर उड्या मारायला लागली. मास्तरांनी विचारलं, “आबा, गाडी कशी आहे?” मी मनात म्हटलं, आता हा माणूस फसला.

मामा मुलांकडे पाहत होते. मग त्यांनी मास्तरांना ओट्यावर शेजारी बसवलं आणि सांगायला सुरुवात केली. पिवळा दिवा केव्हा लागतो, चढावर ताकद कशी जाते, मागं गारवा पोचत नाही, छताची काच उघडायची नाही, पावसात डाव्या दाराचं कुलूप अडकतं, तेव्हा मुलांना त्या बाजूला बसवायचं नाही. कुठल्या गावापाशी काय झालं होतं, वर्कशॉपमध्ये काय बदललं आणि काय नुसतं पुसून परत दिलं, सगळं. ऊन ओट्यावरून अंगणात उतरलं तरी त्यांचं सांगणं चालूच होतं. इतकी वर्षं बघितलं आणि मनात दाबून ठेवलं, ते सगळं एका दमात बाहेर येत होतं.

मास्तर ऐकून थक्क झाले. म्हणाले, “आबा, मग इतकी वर्षं ठेवली कशाला?”

मामा थोडं हसले. “आमच्या मंडळींनी पसंत केली होती. दुकानात गाडीत चढून थेट मागच्या सीटवर जाऊन बसली अन् म्हणे, हीच घ्या, यात सगळे मावतील. आयुष्यात तिनं काही मागितलं ते एवढंच. आता मी गाडीले नावं ठेवू कसा?”

मास्तरांनी गाडी घेतली. एवढं खरं सांगणारा मालक दुसरा कुठं भेटणार, असं त्यांच्या बायकोचं म्हणणं पडलं. ते गेल्यावर मामांनी मला बजावलं, “तुमच्या मामीले यातलं काही कळू देऊ नका.”

संध्याकाळी मामी परत आल्या. मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो, तर चहा गाळता गाळता त्यांनी हळूच विचारलं, “सांगितलं का हो त्यांनी त्या माणसाला सगळं? डाव्या दाराचं सांगितलं ना?” मी पाण्याचा पेला खाली ठेवला. मामी म्हणाल्या, “शेजारच्या सीटवर मीच बसत होते ना जावईबापू. मले काय दिवा दिसत नव्हता? पण ते इतक्या हौशीनं सांभाळत होते, कसं म्हणू की चुकली आपली पसंती.” आणि त्यांनी कप माझ्या हातात देऊन बोटानं गप्प राहायची खूण केली. मी दोघांनाही दिलेला शब्द पाळला आहे.

परवा ते दोघं एसटीनं आमच्याकडे आले होते. पद्मालयाला गणपतीच्या दर्शनाला जायचं होतं, म्हणून मी माझी छोटी गाडी काढली. मामा सवयीनं उजव्या बाजूच्या दाराशी जाऊन उभे राहिले. मी चावी घेऊन आलो तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी मागचं दार उघडलं आणि मामींच्या शेजारी जाऊन बसले. इतक्या वर्षांच्या प्रवासात दोघं असे मागे बसल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. एरंडोल सोडून रस्ता जंगलाकडे वळला, तशा मामी खिडकीबाहेर बोट करून एकेक गोष्ट दाखवायला लागल्या. तो बघा पळस, ते बघा तळं, ती बघा मोराची जोडी. मामा त्यांच्या बोटाच्या दिशेनं वळत होते आणि दर वेळी मान हलवून “हो, हो” म्हणत होते. त्यातलं त्यांना किती दिसत होतं, कोण जाणे. मी गाडीचा वेग थोडा कमी केला.