अत्यावश्यक म्हणजे काय

लॉकडाउन लागला तेव्हा चेन्नईतल्या आमच्या इमारतीच्या असोसिएशनची सेक्रेटरी मी होते. लिफ्टशेजारच्या फळ्यावर मी नियम लावले. पहिलाच होता : अत्यावश्यक कामाशिवाय फाटकाबाहेर जाऊ नये. कागद चिकटवून वर येते तोवर फोन सुरू. पूजेची फुलं अत्यावश्यक आहेत का? आणि विड्याची पानं?

मला वाटलं होतं, हा शब्द सगळ्यांना कळतो. मग मी गॅलरीतून नीट पाहायला लागले. लिफ्टमध्ये एकमेकींना टाळणाऱ्या दोघी भाजीच्या गाडीवर खांद्याला खांदा लावून टोमॅटो दाबून बघत. फोनवर बोलायचं म्हणून लोक मास्क हनुवटीवर ओढत, जणू पलीकडच्याला ऐकू येणार नाही.

अशात पहिल्या मजल्यावरची शेजारीण माझ्याकडे आली. ती तंजावरी मराठी, पिढ्यान्‌पिढ्या तिकडची. तिची म्हातारी आई तंजावरला एकटीच होती. बस बंद झाल्यापासून स्वयंपाकाची बाई येईना, आणि आई एकदा न्हाणीघरात पडली होती. हिला गाडी घेऊन जायचं होतं आणि आईला इकडे आणायचं होतं. पण जिल्ह्याबाहेर जायला पास लागे, आणि पासाची कारणं ठरलेली : लग्न, मृत्यू, उपचार किंवा कुठे अडकलेलं माणूस.

"सगळे मृत्यूच लिहितात म्हणे," ती म्हणाली. "मी कुणाला मारू, अक्का?"

"अडकलेलं माणूस लिहा."

"ती आपल्याच घरात आहे."

"मग? अडकलीच आहे ना?"

तिनं थोडा विचार केला आणि तसं लिहिलं. पास आला.

पण इमारत तयार नव्हती. मीटिंगची खोली बंद, म्हणून संध्याकाळी सगळे आपापल्या गॅलरीत उभे राहून मधल्या अंगणावरून बोलले. तमिळ, इंग्रजी, मोठ्या आवाजात. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर सर्वांत ठाम होते.

"पास सरकारनं दिलाय, आम्ही नाही. वाटेत चार ठिकाणी थांबणार, मग याच लिफ्टमधून वर येणार."

"मी जिन्यानं येईन, सार," शेजारीण म्हणाली.

"आणि आई?"

आई जिना चढू शकत नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं.

मला मात्र दुसरंच विचारायचं होतं. "आधी प्रत्येकानं सांगा, शेवटचं बाहेर कशासाठी गेलात? भांडायला नाही विचारत. नियम मी लिहिलाय, मला त्याचा अर्थ हवाय."

उत्तरं येऊ लागली. दही. इडलीचं पीठ. मोबाइलचा चार्जर. एकानं सांगितलं, बायकोशी भांडण झालं म्हणून. इंजिनिअरसाहेबांनी घसा साफ केला. "कॉफी पावडर."

"कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते की, सार," कुणीतरी म्हणालं.

"ती पाकिटातली. तिला कॉफी म्हणत नाहीत."

"दर शुक्रवारी समोर उभं राहून दळून आणतात," आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला. "कॉफीत मिसळायची चिकोरी एकदा जास्त पडली म्हणून परत गेले होते."

सगळं अंगण हसलं. तेही हसले, जरा उशिरानं. मग म्हणाले, "लिफ्ट त्या दिवशी तासभर दुसऱ्या कुणी वापरायची नाही. नंतर पुसून घ्या. आणि दोन आठवडे त्यांचं दार बंद." मी ते लगेच फळ्यावर लिहिलं, कुणाचं मन बदलायच्या आत.

शेजारीण पहाटे निघाली आणि दुसऱ्या दिवशी आईला घेऊन आली. दार बंद राहिलं, पण गॅलरी फाटकाच्या बरोबर वर होती. आजी खुर्ची टाकून तिथे बसू लागल्या, नाकापर्यंत पदर ओढून. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला त्या मास्क वर घ्यायला लावत. माझ्या नियमाला जे जमलं नव्हतं, ते त्यांच्या नजरेनं होऊ लागलं.

शुक्रवारी इंजिनिअरसाहेब पिशवी घेऊन निघाले.

"कोठ जाताव?" आजींनी वरून विचारलं. मराठी साहेबांना येत नव्हती, पण प्रश्न कळला. त्यांनी पिशवी वर करून दाखवली. "कापी."

आजींनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग तमिळमध्ये म्हणाल्या, "आम्हालाही पाव किलो. चिकोरी कमी."